केप उचलून बघा, मग नाव सांगा: इन्व्हर्नेस, अल्स्टर आणि हॅवलॉक

प्रश्न असा आहे: नाटकासाठी शेरलॉक होम्सचा केपवाला (खांद्यांवरून सैल सोडलेल्या वरच्या थराचा) ओव्हरकोट शिवून घ्यायचा आहे. एका चित्राखाली ‘इन्व्हर्नेस’ लिहिलंय, दुसऱ्याखाली ‘अल्स्टर’, तिसऱ्याखाली ‘हॅवलॉक’, आणि तिन्ही कोट सारखेच दिसतात. खरं नाव कोणतं, कापड किती लागेल आणि शिंप्याला नेमकं काय सांगायचं?

नाव बाहेरून ठरत नाही. केप उचलून खाली काय आहे ते बघावं लागतं. खाली नेहमीसारखी बाही असेल तर तो अल्स्टर. बाहीच नसेल, नुसता मोठा उघडा मुंढा (बाही जोडायचं भोक) असेल आणि हात झाकायचं काम केपच करत असेल, तर तो इन्व्हर्नेस. हा फरक केवळ नावापुरता नाही. बेतणी, कापडाचा हिशेब, वजन पेलण्याची जागा, सगळं त्यावर अवलंबून आहे. म्हणून शिंप्याकडे जाण्याआधी हे एक ठरवून टाका.

इन्व्हर्नेस हे स्कॉटलंडच्या हायलँड भागातलं शहर. त्याच्या नावाचा कोट १८५०च्या दशकात दिसू लागला. सुरुवातीला त्याला बाह्या होत्या आणि वर पूर्ण गोल केप. पुढे १८७०-८०च्या सुमारास केपचे दोन पंख झाले: प्रत्येक पंख गळ्यापासून खांद्यावरून खाली येतो आणि मागे पाठीच्या बाजूच्या शिवणीत अडकतो. पाठीवर केप येतच नाही. मागून पाहिलं तर साधा कोट, पुढून पाहिलं तर केप. त्याच काळात बाह्या गेल्या. संध्याकाळच्या जेवणावळीला घालायचा काळा, रेशमी अस्तराचा इन्व्हर्नेस याच जातीचा: आतल्या टेलकोटाच्या बाह्या चुरगळत नाहीत आणि अंगावर चढवताना कुणाची मदत लागत नाही. पाइप बँडमधले (बॅगपाइप या पिशवीच्या वाद्याचे) वादक पावसात अजूनही इन्व्हर्नेस घालतात, कारण केपखाली हात मोकळे राहतात आणि वाद्याची पिशवीही पावसापासून वाचते. मात्र आज बँडसाठी विकले जाणारे बहुतेक इन्व्हर्नेस जलरोधक कृत्रिम कापडाचे असतात. ऑनलाइन मागवताना ‘रेनकेप’ असा शब्द दिसला तर ती वस्तू लोकरी कोटाची जागा घेणार नाही, हे लक्षात ठेवा.

अल्स्टर आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांताच्या नावाचा. जाड ट्वीडचा (खरखरीत लोकरी कापडाचा), बाह्यांचा, दिवसा आणि प्रवासात घालायचा कोट. त्याची केप आखूड, कोपरापर्यंतच, आणि बऱ्याचदा बटणांनी काढता येणारी. मागे कमरेला अर्धा पट्टा. विसाव्या शतकात अल्स्टरची केप गेली आणि रुंद कॉलरचा, दुहेरी बटणांचा कोट तेवढा त्या नावाने उरला. म्हणून जुन्या चित्रातला अल्स्टर आणि आजच्या दुकानातला अल्स्टर पाहून गोंधळ होतो. दोन्ही खरे आहेत, काळ वेगळा आहे.

हॅवलॉक हे जर्मन आणि मध्य युरोपातलं नाव. कोट इन्व्हर्नेसच, बिनबाह्यांचा आणि लांब केपचा. नाव मात्र आपल्याकडच्या इतिहासातून गेलेलं: सर हेन्री हॅवलॉक, १८५७ मध्ये कानपूर-लखनौच्या मोहिमेवर गेलेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लखनौला आमांशाने वारलेला इंग्रज सेनापती. अंदमानातलं हॅवलॉक बेट याच्याच नावाचं होतं, २०१८ मध्ये त्याचं स्वराज द्वीप झालं. इंग्रजीत मात्र ‘हॅवलॉक’ म्हणजे टोपीला मागे लावलेलं, मानेवर ऊन येऊ नये म्हणून सोडलेलं कापड. इंग्लंडातल्या दुकानाकडे हॅवलॉक मागाल तर टोपीचं कापड हातात पडेल. फ्रेंच लोक याच कोटाला ‘मॅकफार्लेन’ म्हणतात, स्पॅनिशमध्येही त्याचंच रूप आहे. रशियन नाव ‘क्रिलात्का’, म्हणजे पंखवाला.

सगळ्यात बोलकं नाव जपानी आहे. मेइजी काळात (१८६८–१९१२) हा कोट तिथे पोचला आणि पुरुषांनी तो किमोनोवर घालायला घेतला. किमोनोची बाही पोत्यासारखी लोंबती आणि रुंद. ती कुठल्याही युरोपीय कोटाच्या बाहीत मावत नाही. इन्व्हर्नेसला बाहीच नाही, मुंढा मोठा, म्हणून तो चपखल बसला. ‘इम्बानेसु’ हे इन्व्हर्नेसचंच जपानी रूप, पण लोकांनी त्याला ‘तोम्बी’ म्हटलं, म्हणजे घार. पंख पसरलेली घार आठवा, नाव का पडलं ते कळेल. आपल्याकडे झब्बा-धोतरावर किंवा शालीवर घालायला थंडीचा कोट हवा असेल तर बेतणीचा आदर्श म्हणून लंडनपेक्षा तोम्बी जास्त उपयोगाचा आहे, कारण सैल कपड्यावर कसं बसवायचं हा प्रश्न त्याने सोडवलेला आहे.

तीन-चार-पाच थरांची केप दिसली तर तो यातला कुठलाच नाही. तो घोडागाडीवानांचा गॅरिक, फ्रेंचमध्ये कॅरिक. अठराव्या शतकातला नट डेव्हिड गॅरिक याच्याशी ते नाव जोडलं जातं. उघड्या बैठकीवर बसलेल्या गाडीवानाच्या खांद्यावर पाऊस थेट पडायचा. वरचा थर भिजला तरी खालचे कोरडे राहावेत, एवढ्यासाठी ते थर.

आता होम्स. १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत तो घाईने अल्स्टर चढवून बाहेर पडतो. १८९१ मधल्या एका कथेत त्याच्या अंगावर लांब करडा प्रवासी झगा आणि डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी आहे. ते वाचून चित्रकार सिडनी पॅजेट यांनी ‘स्ट्रँड’ मासिकात जी आकृती काढली, तीच पुढे जगाच्या डोक्यात बसली. २०१०च्या बीबीसी मालिकेतल्या होम्सच्या कोटाला तर केपच नाही, त्यामुळे ‘टीव्हीतल्यासारखा’ एवढंच सांगून शिंप्याला काही कळणार नाही. नाटकात नट खिशातून भिंग काढणार, हात वर करणार, टेबलावर वाकणार असेल तर बाह्यांचा अल्स्टर सोयीचा. नुसता प्रवेश-निर्गम देखणा हवा असेल तर पंखांचा इन्व्हर्नेस, कारण चालताना तो जसा हलतो तसं दुसरं काही हलत नाही. पुढचं सगळं इन्व्हर्नेसबद्दल लिहितो, कारण चुका त्यातच होतात. अल्स्टर म्हणजे साधा ओव्हरकोट आणि वर आखूड केप, तो कुठलाही चांगला कोटशिंपी करतो.

कापड

५ फूट ८ इंच उंची, ४० छाती धरली तर ५८ इंच पन्ह्याचं साडेचार ते पाच मीटर कापड लागतं. चौकटी असतील तर आणखी अर्धा ते पाऊण मीटर. मेल्टनसारख्या लव असलेल्या दाट लोकरी कापडात सगळे तुकडे एकाच दिशेने लावावे लागतात. एखादा पंख उलटा लावून कापड वाचवलं तर उजेडात एक पंख गडद आणि एक फिका दिसतो, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. अस्तर अंगाला तीन आणि पंखांना दोन, असं पाच मीटर.

वजन विचारताना एक फसगत टाळा. लोकरी कापडाचं वजन कधी चौरस मीटरला सांगतात, कधी पन्ह्यासकट लांबीच्या मीटरला. दीड मीटर पन्ह्याचं ५०० ग्रॅम प्रति मीटर कापड म्हणजे चौरस मीटरला साधारण ३३३ ग्रॅमच. थंड देशातल्या खऱ्या वापरासाठी लांबीच्या मीटरला ५०० ते ६५० ग्रॅमचं ट्वीड किंवा मेल्टन योग्य. तयार कोट तीन किलोच्या आसपास जातो. महाराष्ट्रातल्या रंगमंचावर दिव्यांखाली हे अंगावर ठेवणं नटाला त्रासाचं आहे. तिथे ३५०-४०० ग्रॅमचं टेरीवूल किंवा लोकरमिश्र सुटिंग घ्या, पाठीला अर्धंच अस्तर द्या आणि पंखांच्या खालच्या दुमडीत कापडी पट्टी घालून वजन वाढवा. हलक्या कापडाचा पंख खाली वजन नसेल तर फडफडतो, पडत नाही.

कापण्याआधी कापडाच्या कोपऱ्यात खडूने २५ सेंटिमीटरचा चौकोन आखा, भरपूर वाफ द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मोजा. आटलं असेल तर सगळं कापड आधी वाफेवरून काढून घ्या. हे न केल्यास पहिल्याच इस्त्रीत बाहेरचं कापड आटतं, अस्तर तसंच राहतं आणि खालून लोंबू लागतं.

मापं आणि बेतणी

मापं आतला जाकीट घालूनच घ्यायची. ४० छातीला तयार कोटाचा छातीघेर ४८ इंच, लांबी ४४ ते ४६ (पोटरीच्या मध्यापर्यंत), खालचा घेर ७६ ते ८०. मुंढा नेहमीच्या ओव्हरकोटापेक्षा दोन ते अडीच इंच खोल आणि पुढच्या बाजूने इंच-दीड इंच जास्त कोरलेला. इथे बाही चढवायची नाही, त्यामुळे मोठ्या मुंढ्याला घाबरायचं कारण नाही. लहान मुंढा ठेवला तर आतल्या जाकिटाची बगल चुरगळते आणि इन्व्हर्नेस घालण्याचा हेतूच जातो.

आता पंख, आणि इथेच बहुतेक शिंपी चुकतात. केप म्हणजे वर्तुळाचा तुकडा, असं समजून परकराच्या घेरासारखी कापली जाते. पण खांदा हा आडवा जाऊन मग एकदम खाली वळतो. मानेपासून खांद्यावरून मनगटापर्यंतचं अंतर सुमारे ३० इंच असतं, तर पुढे गळ्यापासून त्याच पातळीपर्यंत २३-२४ इंचच. निव्वळ वर्तुळ कापलं तर केप दंडांवर वर चढते आणि पुढे टोक लोंबतं.

बरोबर पद्धत अशी: कोटाच्या पुढच्या पल्ल्याचा आणि पाठीचा कागद घ्या. दोन्हींची खांद्याची टोकं, म्हणजे मुंढ्याकडची, एकमेकांना भिडवा आणि गळ्याकडे फट उघडी राहू द्या. ती फट म्हणजे खांद्यावरचा डार्ट, कापडाला आकार देण्यासाठी शिवून मिटवायचा चिमटा. फट जितकी रुंद, तितकी केप अंगालगत. जितकी अरुंद, तितका घेर जास्त. साडेतीन इंचांची फट ठेवली की पुढची आणि पाठीची मध्यरेषा काटकोनापेक्षा थोड्या जास्त कोनात येतात. हा घेर हात कोपरात वाकवायला पुरतो आणि फुगाही दिसत नाही. खांद्याचं टोक अर्धा इंच वर घ्या, कारण केप अंगावर नाही, कोटाच्या खांद्यावर बसणार आहे. डार्ट टोकाच्या अर्धा इंच पुढे नेऊन गोलाई देत संपवा. टोकदार संपवला तर खांद्यावर शिंगासारखा उंचवटा येतो. लोकरी कापड असेल तर तिथे ओलं फडकं ठेवून इस्त्रीने कापड आटवून गोलाई बसवता येते. टेरीवूल तेवढं आटत नाही, तिथे सगळी गोलाई डार्टमधूनच काढावी लागते.

पंखाची पुढची कड कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवा. मग चौकटी पुढे सरळ दिसतात आणि कड ताणली जात नाही. याचा परिणाम म्हणून दंडावरचा आणि मागचा भाग उरेप, म्हणजे धाग्याला तिरका, येतो. उरेप कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. म्हणून पंख कोटाला लावल्यावर कोट पुतळ्यावर किंवा रुंद हँगरवर निदान दोन दिवस टांगा, आणि मगच जमिनीपासून पट्टीने मोजून खालची कड आखा. आधी दुमडून टाकलेली कड आठवड्याभरात वाकडी होते. यासाठी खाली दीड-दोन इंच माया (शिवणीसाठी जादा कापड) सोडलेली हवी.

पाठीकडची कड कोटाच्या पाठीच्या बाजूच्या शिवणीवर नेमकी बसली पाहिजे, पण ताणून नाही. पाठीच्या हाडावर येणाऱ्या भागात पंख अर्धा इंच सैल ठेवून शिवणीत जिरवा. हात पुढे नेताना तोच अर्धा इंच उपयोगी पडतो. ही शिवण केपच्या खालच्या टोकाआधी तीन इंचांवर थांबवा आणि तिथे आतून कापडी पट्टी ठेवून आडवे टाके घाला. इन्व्हर्नेस फाटतो तो याच जागी.

चाचणीसाठी मांजरपाट घेतात, पण केपला तो फसवतो. मांजरपाट हलका आणि ताठ, त्यात लोकरीची पड दिसत नाही. अंगाची चाचणी मांजरपाटात करा, पंखांची मात्र जुन्या सोलापुरी चादरीत करा. वजन जवळपास येतं आणि घेर कमी की जास्त ते लगेच कळतं.

शिवण

क्रम चुकला तर उसवावंच लागतं. आधी प्रत्येक पंख स्वतंत्र तयार करायचा: डार्ट, मग पुढच्या कडेला अस्तर. चिकट बुकरम (कापड ताठ करणारा आतला थर) पूर्ण पंखाला लावू नका, पंख पुठ्ठ्यासारखा होतो. फक्त पुढच्या कडेला दोन इंचांची पट्टी पुरे. अस्तराची खालची कड मोकळी आणि पाऊण इंच आखूड ठेवा. अस्तर गुळगुळीतच हवं. सुती अस्तर आतल्या ट्वीडला चिकटतं आणि दर वेळी हात खाली आणताना पंख वरच अडकून राहतो.

मुंढ्याची कड नंतर हात पोचणार नाही, म्हणून पंख लावण्याआधीच पट्टीने आतून बंद करून घ्या. मग पंख कोटाच्या गळ्याला आणि पुढून कच्च्या टाक्यांनी जोडा, अंगावर घालून बघा, आणि नंतरच पाठीची शिवण घाला. गळ्याची उरेप कड हाताळताना वाढते. तिला आधी सुती फीत लावून माप पक्कं करा. कॉलर सगळ्यात शेवटी. गळ्यात कोट, पंख, पंखाचं अस्तर, कॉलरचे दोन थर आणि आतलं अस्तर असे सहा थर येतात. प्रत्येक थराची माया पायरीपायरीने वेगळी कापा, नाहीतर मानेभोवती दोरखंड घातल्यासारखं दिसतं. १८ नंबरची सुई, साडेतीन मिलिमीटरचा टाका आणि मशीनच्या पायाचा दाब कमी. दाब जास्त असेल तर वरचं कापड पुढे सरकतं आणि चौकटी जुळवलेल्या असूनही शेवटी अर्धा इंच चुकतात. चौकटी सगळीकडे जुळणं शक्यच नाही. पंखाची पुढची कड आणि कोटाचा पल्ला छातीच्या पातळीवर जुळवा, डोळा तिथेच जातो.

कोट मागे सरकतो आणि गळा आवळतो, ही पुढची तक्रार. कारण एकच: पंखांचं सगळं वजन गळ्याच्या शिवणीवर टांगलेलं. पंख आतून कोटाच्या खांद्याच्या शिवणीला दोन जागी, गळ्यापासून तीन आणि पाच इंचांवर, सैल टाक्यांनी अडकवा. वजन खांद्यावर येतं आणि तक्रार थांबते. वाऱ्यात पंख उलटून तोंडावर येत असतील तर प्रत्येकाच्या आत, कोपराच्या पातळीवर हात घालायला अस्तराच्याच कापडाची सैल पट्टी शिवा. खिसे पंखाखालून हात घालायचे असतात, म्हणून नेहमीपेक्षा दीड इंच खाली आणि तिरके घ्या. मागची चीर १८ ते २० इंच आणि मध्ये एक बटण, म्हणजे बसताना कोट ओढला जात नाही आणि चालताना उघडाही पडत नाही. पुढे ३० मिलिमीटरची चार-पाच बटणं झाकलेल्या पट्टीखाली, आणि केपला गळ्याशी एकच.

पावसाबद्दल स्पष्ट सांगतो, कारण ‘केप म्हणजे पावसाची’ असं धरून कोकणात घालायला मागणारेही असतात. स्कॉटलंडची रिमझिम दाट ट्वीडच्या लवेवर थांबते, झटकली की जाते. आपल्याकडे धनगराची घोंगडी हेच काम करते, आणि तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की ती एक प्रकारची केपच असते. पण घोंगडी सपाट वाळत घालता येते. इन्व्हर्नेसमध्ये कॅनव्हास, अस्तर, डार्ट असतात. कोसळत्या पावसात पूर्ण भिजला तर वजन दुपटीच्या घरात जातं आणि उरेप पंख कायमचे उतरतात. भिजलाच तर हँगरला टांगू नका. टेबलावर जाड पंचा पसरून त्यावर आडवा ठेवा, पंख हाताने आकारात बसवा, सावलीत वाळू द्या. पूर्ण वाळल्यावरच वाफेची इस्त्री, तीही आतून.